खाडाखोडीला एक गुण वजा

मंगळवार, १० नोव्हेंबर १९८७

यादी उलटी करून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, या सह्या मी गोळा करणार नाही.

गवाणकर सरांनी ती सुलटी केली आणि परत माझ्याकडे सरकवली. मुख्याध्यापक झाल्यापासून ते आवाज चढवत नाहीत. त्याचाच जास्त राग येतो. म्हणाले, संस्थेला पुढच्या जूनपासून कनिष्ठ महाविद्यालय हवं आहे. त्यासाठी दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवायचा आहे. मागच्या वर्षी एक्क्याण्णव होता. तेव्हा सहामाहीत गणितात नापास झालेल्या नऊ जणांनी शाळेचा दाखला काढून घ्यावा, सतरा नंबरचा फॉर्म भरावा आणि मार्चमध्ये बाहेरून परीक्षेला बसावं. बाहेरून बसणाऱ्याचा निकाल शाळेच्या खात्यात धरत नाहीत. पास झाली तर आनंद आहे, नापास झाली तर शाळेला डाग नाही.

"यात कुणाचं नुकसान आहे, बाई?"

मी सांगितलं. शाळेच्या हजेरीपटावर नाव नसलेलं मूल मार्चपर्यंत पुस्तक उघडत नाही. असल्फ्याच्या डोंगरावरच्या घरात शाळा सुटली की सुटली. मुलगी असेल तर आठ दिवसांत साकीनाक्याच्या एखाद्या कारखान्यात खोकी भरायला बसते. नऊही जण डोंगरावरचे आहेत. बापांच्या गिरण्या संपात गेल्या, आता पोरांची शाळा आपण घालवू.

सर म्हणाले, वर्गशिक्षिका तुम्ही आहात, पालक तुमचं ऐकतात. नियमित मुलांचे फॉर्म तीस तारखेला बोर्डात जायचे आहेत, त्याआधी हे उरकू.

उरकू म्हणाले.

यादीत तिसरं नाव सुगंधाचं आहे. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात जिची पक्की वही काचेखाली ठेवली होती ती सुगंधा.

बुधवार, ११ नोव्हेंबर

नऊ जणांचे बीजगणिताचे पेपर कपाटातून काढून पुन्हा पाहिले. कुठे अर्धा गुण सुटला असेल तर द्यावा म्हणून. सुटला नव्हता. मी तपासलेल्या पेपरात सुटत नाही.

सुगंधाला पंचाहत्तरपैकी एकोणीस. पास व्हायला सव्वीस लागतात. नऊ प्रश्नांपैकी पहिले, कमी गुणांचे चार सोडवले आहेत आणि चारही अचूक. समास आखलेला, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा, एकही खाडाखोड नाही. पुढचे पाच प्रश्न कोरे. शेवटची तीन पानं कच्च्या कामाने भरलेली आहेत, पण कच्चं काम मी तपासत नाही. तेवढे चार प्रकारच तयार केले असणार, बाकी सोडून दिले. प्रगतिपुस्तकात मी नऊही जणांना एकच शेरा दिला होता, "अभ्यास अपुरा. घरी लक्ष द्यावे." आजही तोच देईन. पण अपुरा अभ्यास म्हणजे शाळेतून काढण्याइतका गुन्हा नव्हे.

वाईट याचं वाटतं की वळण लावलेली मुलगी आहे. सत्तावीस वर्षं माझी पद्धत एकच आहे. गणित आधी कच्च्या वहीत सोडवायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. पक्क्या वहीत चूक दिसता कामा नये. एकोणऐंशी साली गणित विभागाचे नियम मी लिहिले तेव्हा सहावा नियम घातला, "उत्तरपत्रिकेतील प्रत्येक खाडाखोडीस एक गुण वजा." कुरकुर झाली. सहा महिन्यांत वह्या आरशासारख्या झाल्या. आज संस्थेच्या तिन्ही शाळांत हाच नियम आहे.

ही दैनंदिनीही मी आधी पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आणि मग इथे उतरवते.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

काल सरांनी माझ्या नकळत चंदर शिपायाला डोंगरावर पाठवलं. नऊ घरांत नऊ पत्रं. सायक्लोस्टाईल केलेली, फक्त मुलाचं नाव शाईने भरलेलं. स्टाफरूममध्ये शुभाने एक प्रत आणून दाखवली. शुभा विज्ञान शिकवते, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. म्हणाली, "बाई, वाचा आणि मग चहा प्या, नाहीतर ठसका लागेल."

पत्रात लिहिलं आहे, "वर्गशिक्षिकेच्या लेखी अभिप्रायानुसार आमच्या पाल्याचा अभ्यास अपुरा असल्याने, पाल्याच्या हितासाठी आम्ही स्वखुशीने दाखला मागत आहोत." माझा शेरा उचलून त्यात घातला. मला न विचारता. शेरा मूल सुधारावं म्हणून असतो, हाकलावं म्हणून नव्हे. हे त्या माणसाला कळत नसेल असं नाही.

शाळा सुटल्यावर तशीच डोंगर चढून सुगंधाच्या घरी गेले. पहिल्यांदाच गेले. एक खोली, वर पोटमाळा. वडील लवू पूर्वी गिरणीत साच्यावर होते, आता साकीनाक्याला एका गोदामाच्या दारावर बसतात. मी दारात उभी, तर ते खाली मांडी घालून, पुढ्यात पत्र आणि हातात पेन. जरा उशीर झाला असता तर संपलं होतं.

"तुमचा नाव हा चिठीत, बाई. तुमी सांगितलात म्हणान सही करूक बसललंय."

मी म्हटलं, मी सांगितलेलं नाही. त्यांनी पत्र पुन्हा पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. ज्यात माझं नाव आहे ते मी सांगितलेलं नाही, हे त्यांना पटेना. माणूस सरळ आहे. छापलेलं खोटं असू शकतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पत्र मी काढून घेतलं.

सुगंधा कोपऱ्यात दोन वह्या घेऊन बसली होती. आई रुक्मिणी कौतुकाने सांगू लागली. "दिवो लागलो की बसता. आधी हेच्यात लिवता, मगे तेच्यात. एक अक्षर चुकला तर आख्खा पान फाडून परत. जेवूक उठूची नाय." मी पक्की वही चाळली. सुंदर. एवढ्या गर्दीच्या खोलीतही शिस्त मुरली आहे. मग अभ्यास कुठे कमी पडतो कळत नाही. घरात चौघं भावंडं, रेडिओ, शेजारचं भांडण. लक्ष तरी कसं लागावं.

उतरताना अंधारून आलं होतं. बाकीची घरं राहिली. उद्या परवा जाईन.

शनिवार, १४ नोव्हेंबर

आज बालदिन म्हणून मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. मग मी गवाणकर सरांकडे गेले.

फेरपरीक्षा मागितली. बीजगणिताची, बोर्डाच्या धर्तीवर, नऊही जणांची. सव्वीस आणि त्यावर ज्याला मिळतील तो शाळेतर्फे बसेल. सरांनी आधी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, ठीक, पण पेपर तुम्ही काढायचा नाही, तपासायचाही नाही. संस्थेच्या दुसऱ्या शाळेतले शिक्षक काढतील, तेच तपासतील. विभागाचे नियम लागू. आणि जो नापास होईल त्याच्या पालकांची सही तुम्ही स्वतः आणून द्यायची.

मी हो म्हटलं. नियम माझेच आहेत, मला त्यांचं काय भय.

"आणि नऊ जणांची," मी म्हटलं.

"जे येतील त्यांची," सर म्हणाले.

परीक्षा पंचवीसला. दहा दिवस हातात आहेत. घरोघर फिरण्यात ते घालवणार नाही. शिकवण्यात घालवेन.

सोमवार, १६ नोव्हेंबर

जादा तास सुरू केला. शाळा बाराला भरते, आम्ही दहाला बसतो. आठ आले. यादीतली जानकी तेवढी आली नाही. यांच्यासाठी मी मुख्याध्यापकांशी भांडायचं आणि यांना दहाला उठून यायला होत नाही.

एकसामयिक समीकरणं घेतली. फळ्यावर अकरा गणितं. मी सोडवली, त्यांनी उतरवली. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला असंच लागतं.

येताना स्टेशनाबाहेर एका खासगी क्लासची पाटी पाहिली. हमखास यश, मर्यादित जागा. आत शंभर मुलं कोंबलेली. ज्यांचे बाप तिथे पाठवू शकतात ती शंभरही पास होतील आणि म्हणतील आम्ही हुशार.

बुधवार, १८ नोव्हेंबर

जानकी आजही नाही. तास सुरू असताना सुगंधा उभी राहिली. म्हणाली, "बाई, जानकीचं सांगायचं होतं." मी म्हटलं, तासाला गणिताखेरीज काही बोलायचं नाही, बस. बसली.

बाकीचे बरे चालले आहेत. सुगंधा सर्वांत मागे. आठ जण एका गणिताला बसले की सात जण मान वर करतात आणि ही अजून रेघ आखत असते.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सराव म्हणून एका तासात चार गणितं दिली. सुगंधाने दोन केली. दोन्ही अचूक. उरलेल्या दोनांपुढे फक्त प्रश्नाचे आकडे, सुबक अक्षरात.

मी रागावले. म्हटलं, तुझ्यासाठी मी माझी सत्तावीस वर्षं पणाला लावली आहेत आणि तू अर्धा पेपर कोरा देतेस. येत नव्हतं का? तर म्हणते, येत होतं. मग का केलं नाहीस? गप्प. येत असतं तर केलं असतं, एवढं मलाही कळतं.

मला या मुलांच्या गप्प बसण्याचा संताप येतो. घरात बापासमोर गप्प, शाळेत आमच्यासमोर गप्प. मग कुणी यादी काढली की त्यात पहिली नावं यांचीच.

शनिवार, २१ नोव्हेंबर

पूर्ण पेपरचा सराव ठेवला होता, आणि नेमकं संस्थेने विभागप्रमुखांना बोलावलं. महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला. दोन तास नकाशा पाहिला. मुलांवर शुभाला बसवलं होतं.

परत आले तर शुभा जिन्यात थांबलेली. म्हणाली, "बाई, रागावू नका. ती सुगंधा प्रत्येक गणित दोनदा करते. आधी मागच्या पानावर, मग पुढे सगळं नीट उतरवून काढते, पट्टीबिट्टी घेऊन. मी घड्याळ लावून पाहिलं. सोडवायला सात मिनिटं, उतरवायला अकरा."

मी म्हटलं, तशीच पद्धत आहे.

"हो ना. पण परीक्षेत?"

मी म्हटलं, कच्च्याशिवाय पक्कं होत नाही.

"तिची वाट लागतेय ती त्याच्यानेच, बाई. बाकीचे तुमचं ऐकत नाहीत म्हणून वाचले."

मला संताप आला. मी वर्गात उभी राहिले तेव्हा ही पोर पाळण्यात होती. आरशासारख्या वह्या कशा होतात हे ही मला सांगणार. तिने एक वही माझ्या हातात कोंबली. सुगंधाची कच्ची वही, मागून घेतली होती. म्हणाली, उद्या रविवार आहे, एकदा बघा फक्त.

रविवार, २२ नोव्हेंबर

दुपारी उघडली. सत्तावीस वर्षांत मी कुणाची कच्ची वही पाहिलेली नाही. मागितलीच नाही कधी.

अक्षर ओळखू येत नाही. तिरकं, धावतं, एका ओळीवर दुसरी ओळ. मधे बाण, गोल, फुल्या. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाची वही आहे.

तिसऱ्या पानावर एक समीकरण चुकलेलं. त्याच्या शेजारी, गणिताच्या भाषेत नव्हे, घरच्या बोलीत लिहिलं आहे, "हंय चिन्ह बदलूक इसारलंय." खाली परत सोडवलेलं. परत चूक. "ह्या पण चुकला. कंसाच्या आत पण बदलूक होया." तिसऱ्यांदा बरोबर. "आता इला."

पानामागून पान असंच. प्रत्येक चुकीशेजारी कारण. मी फळ्यावर कधीच कारण लिहीत नाही. माझ्या फळ्यावर चूक नसते, मग कारण कुठलं असणार.

होडीचं गणित आहे. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध. मी ते नेहमी एका वाक्यात सुरू करते, होडीचा संथ पाण्यातील वेग ताशी क्ष किलोमीटर मानू. निम्म्या वर्गाला ते कधी कळत नाही. हिने खाडी काढली आहे. खाडीत होडी, होडीला वल्हं, खाली बाण आणि बाणाखाली "ओहोटी". मग लिहिलं आहे, "ओहोटीबरोबर जाताना पाणी ढकलता म्हणान क्ष अधिक य. उलटा येताना पाणी अडयता म्हणान क्ष उणे य." त्याखाली दोन ओळींत उत्तर.

पक्क्या वहीत हेच गणित मी तपासलेलं आहे. तिथे खाडी नाही, ओहोटी नाही. फळ्यावरची माझी सात वाक्यं आहेत, जशीच्या तशी, आणि माझी लाल बरोबरची खूण.

कपाटातून आणून ठेवलेला सहामाहीचा पेपर काढला. शेवटची तीन पानं पाहिली. तिथे आठ गणितं सुटलेली आहेत. नऊपैकी आठ. सहा पूर्ण बरोबर. पुढे उतरवायला वेळ पुरला तो चारांनाच. कच्चं काम मी तपासत नाही.

म्हणजे तिला येत होतं. तिने मला तसं सांगितलंही होतं.

आजपासून दैनंदिनी सरळ इथेच लिहिते. पाठकोरे कागद टाकून दिले.

सोमवार, २३ नोव्हेंबर

वर्गात सांगितलं, आजपासून पक्कं करायचं नाही. एकदाच लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं.

सात जणांना आनंद झाला. लपवलासुद्धा नाही. सुगंधा पेन धरून बसून राहिली. मग हळूच विचारलं, "खाडाखोड चालेल, बाई?"

चालेल.

"मार्क कापणार नाय?"

मी कापणार नाही, म्हटलं.

तरी हात चालेना. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, अगं लिही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठवीत तुम्ही माझं पान फाडलेलं, बाई. सगळ्यांसमोर. दोन ठिकाणी खोडलेलं म्हणून. मग वर धरून सगळ्यांना दाखवलं."

मला आठवत नाही. मी पानं फाडते हे खरं आहे. कुणाकुणाची फाडली ते आठवत नाही. एवढी फाडली आहेत.

मग मी फळ्याशी गेले, एक गणित मुद्दाम न ठरवता घेतलं आणि सोडवताना मोठ्याने बोलत गेले. मधे खरोखरच चुकले. चिन्ह. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सुगंधा म्हणाली, "बाई, कंसाच्या आत पण." मी डस्टर उचललं आणि खाली ठेवलं. एक रेघ मारली. पुढे लिहिलं. मग सगळे एकदम बोलायला लागले, तिथे नाही, इथे नाही, क्ष तिकडे न्या. वर्गात बाजार भरला. शेजारच्या वर्गातून डोकावून गेले. मी कुणाला गप्प केलं नाही.

तिने दीड तासात सात गणितं केली. अकरा ठिकाणी खोडलं.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

तीच गणितं एकमेकांना समजावून सांगायला लावली. सुगंधाची खाडी फळ्यावर आली. होडी हसण्याजोगी, पण आठही जणांना क्ष अधिक य का, ते सांगता येतं.

शुभाला म्हटलं, अक्षर मात्र फार बिघडलं पोरीचं. ती म्हणाली, "बाई, तुम्हीपण ना." मला अजूनही वाटतं अक्षर नीट असावं.

बुधवार, २५ नोव्हेंबर

पेपर झाला. सुगंधा शेवटपर्यंत लिहीत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळे घेतले, बाई. नववा अर्धा राहिला." हाताला शाई. तोंडावर न मावणारं हसू, ते दाबायचा प्रयत्न.

जानकी परीक्षेलाही आली नाही.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

चार वाजता सरांनी बोलावलं. तपासलेले पेपर टेबलावर.

आठपैकी सात पास. सुगंधाला पंचवीस.

पेपर उघडला. बेरीज एकतीस. त्याखाली लाल शाईत, "खाडाखोड सहा ठिकाणी, वजा सहा." त्याखाली पंचवीस, त्याला गोल. विभागाचे नियम लागू याला मी हो म्हटलं होतं, वर्गात खोडायला सांगताना ते आठवलंच नाही.

मी म्हटलं, हा अन्याय आहे. एकतीस गुणांचं गणित तिला येतं, हे इथे लिहिलेलं आहे. सरांनी खणातून विभागाचं नियमपत्रक काढलं, सहाव्या नियमावर बोट ठेवलं. खाली माझी सही. एकोणऐंशीची, टाकाने केलेली.

"अन्याय असेल तर तुमच्याच अक्षरात आहे, बाई."

खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

सह्यांचा कागद पुढे सरकवला. नऊ नावं होती. जानकीपुढे लिहिलं होतं, दाखला दिला, १३ नोव्हेंबर. म्हणजे ज्या दिवशी मी लवूंच्या हातातून पत्र काढून घेतलं त्याच दिवशी. मी चंदरला विचारलं. तो म्हणाला, तिच्या वडिलांनी बारा तारखेलाच उभ्या उभ्या सही केली. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन दाखलाही घेऊन गेले. चिठीत बाईंचं नाव होतं म्हणून विचारलंपण नाही काही. मुलगी साकीनाक्याला लागली, बाटल्यांना झाकणं बसवते. वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मी बस म्हटलं होतं.

सरांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि तिथेच उभ्याने लिहिलं. शिक्षण निरीक्षकांस. नऊ मुलांना स्वखुशीच्या नावाखाली काढण्याचा घाट, निकालाचा आकडा फुगवण्यासाठी. पत्रात माझा शेरा माझ्या परवानगीवाचून वापरला. तो शेरा चुकीचा होता, मी पेपर पूर्ण न पाहता दिला. खाडाखोडीचा नियम मी केला, तो मुलांना चूक लपवायला आणि वेळ घालवायला शिकवतो, त्याने किती मुलं नापास झाली याचा हिशेब माझ्याकडे नाही. एका मुलीची शाळा सुटली आहे, तिचं नाव जानकी. सोबत सायक्लोस्टाईल पत्र आणि सुगंधाचे दोन्ही पेपर जोडते.

लिहिताना पाच-सहा ठिकाणी शब्द खोडले. खाली सही केली. सरांनी वाचलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा हलला.

"यात तुम्ही स्वतःवरही लिहिलं आहे."

मी म्हटलं, हो.

"आणि हे असलं खाडाखोडीचं पत्र निरीक्षकांना देणार? फेअर तरी करून आणा. मग बघू."

मी म्हटलं, हेच देणार. उद्या अकरा वाजेपर्यंत आठ फॉर्मवर सह्या झाल्या नाहीत तर हेच.

नियमपत्रक त्यांच्यासमोरच उघडं होतं. सहाव्या नियमावर एक रेघ मारली आणि शेजारी आजची तारीख घातली. विभागप्रमुख अजून मीच आहे.

सत्तावीस वर्षांत मी कुणाला एवढं बोलले नव्हते. आणि हे सगळं त्यांनाच बोलले, की अर्धं मलाच, ते सांगता येत नाही. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. संस्था काय करेल ते करो. राग उतरलेला नाही. तो नक्की कुणावर आहे हे मात्र गेल्या रविवारपासून नीट लिहिता येत नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर

सकाळी दहाला आठ जणांनी वर्गात फॉर्म भरले. फॉर्मच्या डोक्यावर छापलेलं आहे, खाडाखोड करू नये. सुगंधा जन्मतारखेच्या रकान्यात चुकली. तिने माझ्याकडे पाहिलं, एक रेघ मारली, शेजारी बरोबर तारीख लिहिली. मी तिथे माझी सही केली.

पावणेअकराला सरांनी आठही फॉर्मवर सह्या केल्या. शेवटी कालचं पत्र मागितलं. मी दिलं नाही.

जानकीचा फॉर्म कोरा आहे. तो पिशवीत ठेवला. सुगंधाने कच्च्या वहीतलं एक पान फाडून त्यावर कारखान्याचा रस्ता काढून दिला. नाक्यापासून डावीकडे, मग पिठाची गिरणी, मग बाण.